वीज असतानाच ठरते इन्व्हर्टरच्या बॅटरीचे आयुष्य

हडपसर, (प्रतिनिधी) - गाडीतळापासून मांजरीपर्यंत आणि मगरपट्ट्यापासून फुरसुंगीपर्यंत मध्यमवर्गीय घरांत इन्व्हर्टर आता पंखा-दिव्याइतकाच ओळखीचा झाला आहे. वीज गेली की तो आपोआप सुरू होतो, घरातले दोन पंखे आणि चार दिवे चालू ठेवतो आणि वीज आली की पुन्हा गप्प बसतो. त्याच्याकडे घरच्यांचे लक्ष जाते ते एकाच वेळी. चार तास चालणारी बॅटरी अर्ध्या तासात बसू लागते, दुकानदार नवी बॅटरी घेण्याचा सल्ला देतो आणि हजारो रुपयांचा खर्च समोर उभा राहतो. चांगली निगा राखली, तर पाच-सहा वर्षे टिकणारी बॅटरी दोन-अडीच वर्षांत निकामी का होते, याचे उत्तर बहुतेक जण वीज जाण्याच्या वेळांत शोधतात. प्रत्यक्षात ते दडलेले असते वीज असतानाच्या वेळांत. बॅटरी किती वापरली यापेक्षा ती कशी भरली गेली, यावर तिचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

भारनियमनाने आणलेला पाहुणा

पुण्यात इन्व्हर्टरचा प्रसार झाला तो प्रामुख्याने भारनियमनाच्या काळात. जून २००५ मध्ये तत्कालीन राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या अस्तित्वात आल्या. त्याच सुमारास राज्यातील विजेची तूट वाढली आणि शहरांनाही भारनियमनाचे चटके बसू लागले. उद्योगांकडे असलेल्या स्वतःच्या जनित्रांतील वीज वापरून शहराची तूट भरून काढायची आणि त्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांनी सोसायचा, ही योजना २००६ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने राबविली गेली. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ती देशभर गाजली. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र भारनियमन पुढेही अनेक वर्षे सुरू राहिले.

आज रोजचे भारनियमन शहरात राहिलेले नाही. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी ठेवली जाणारी बंदी, पावसाळ्यात वाहिन्यांवर पडणारी झाडे, रस्तेखोदाईत तुटणाऱ्या भूमिगत केबल अशी कारणे मात्र कायम आहेत. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे अतिउच्चदाब वाहिन्यांतील बिघाडामुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या भागातील वीज एकाच वेळी गेली, तेव्हा इन्व्हर्टरची उपयुक्तता पुन्हा सर्वांना पटली. एकूण चित्र मात्र बदलले आहे. पूर्वी बॅटरीला रोज रिकामे व्हावे लागे आणि पुन्हा भरायला पुरेसा वेळ मिळत नसे. आता ती आठवडेच्या आठवडे भरलेल्या अवस्थेत पडून असते. या दोन्ही परिस्थितींत बॅटरी खराब होऊ शकते, पण कारणे वेगवेगळी असतात. ती समजून घेण्यासाठी बॅटरीच्या आत डोकावावे लागेल.

डब्याच्या आत काय घडते?

घरगुती इन्व्हर्टरला जोडलेली बॅटरी बहुधा शिसे-आम्ल प्रकारची असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये शोधलेले तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक घट दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाब देतो. घटातील धन पट्टी लेड डायऑक्साइडची, ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची आणि दोहोंमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल, अशी ही रचना असते.

बॅटरीतून वीज घेतली जाते, तेव्हा आम्लातील सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसते. पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंगच्या वेळी याच्या उलट घडते. पट्ट्यांवरील सल्फेट सुटून आम्लात परतते आणि आम्ल पुन्हा घट्ट होते. बॅटरी दुरुस्त करणारा कारागीर काचेच्या नळीसारख्या हायड्रोमीटरने पाण्याची ‘ग्रॅव्हिटी’ पाहतो, ती यासाठीच. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत ती साधारण १.२४ च्या आसपास असते आणि बॅटरी उतरते तशी खाली येते.

कळीचा मुद्दा येथेच आहे. ताजे लेड सल्फेट मऊ असते आणि चार्जिंगमध्ये सहज विरघळते. बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात. ते सहजासहजी सुटत नाहीत आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी होतो. ‘सल्फेशन’ या नावाने ओळखला जाणारा हा दोष अनेक बॅटऱ्यांच्या अकाली मृत्यूचे कारण ठरतो.

एकच यंत्र, दोन कामे

इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीतील १२ व्होल्टच्या डीसी विजेचे २३० व्होल्टच्या एसी विजेत रूपांतर करणारे यंत्र, हे अनेकांना ठाऊक असते. तेच यंत्र वीज आल्यावर उलट दिशेने काम करते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या नेहमीच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा दाब वाढविणारा ट्रान्सफॉर्मरच वीज आल्यावर मुख्य वाहिनीचा दाब कमी करतो. जे अर्धवाहक स्विच डीसीचे एसी करतात, तेच आता एसीचे डीसी करून बॅटरीत सोडतात. दिवसाचे बहुतेक तास हे यंत्र खरे तर चार्जर म्हणूनच जगत असते.

हे चार्जिंग चांगल्या इन्व्हर्टरमध्ये तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात चार्जर ठराविक प्रवाह बॅटरीत ढकलतो. १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीसाठी हा प्रवाह साधारण क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे १५ अँपिअर असतो. बॅटरीचा दाब हळूहळू वाढत सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तोवर बॅटरी ढोबळमानाने ८० टक्के भरलेली असते.

दुसऱ्या टप्प्यात दाब त्याच पातळीवर रोखून धरला जातो आणि बॅटरी स्वतःच प्रवाह कमी कमी घेऊ लागते. उरलेले २० टक्के भरण्याचे हे काम संथ असते आणि त्याला काही तास लागतात. याच टप्प्यात पट्ट्यांच्या खोल भागातील सल्फेट सुटते. थोडे बुडबुडे निघून तळाशी साचलेले जड आम्ल ढवळले जाते. हा टप्पा वारंवार अपुरा राहिला, तर सल्फेशनला आमंत्रण मिळते.

तिसऱ्या टप्प्यात चार्जर दाब १३.५ ते १३.८ व्होल्टपर्यंत खाली आणतो. याला ‘फ्लोट’ म्हणतात. बॅटरीची आपोआप होणारी झीज भरून निघावी एवढाच बारीक प्रवाह येथे दिला जातो. हा दाब खाली न आणता १४.४ व्होल्टवरच ठेवणारा सदोष चार्जर पाण्याचे विघटन करीत राहतो. बॅटरीतील पाणी झपाट्याने आटते, पट्ट्या उघड्या पडतात आणि बॅटरी गरम होते. वीज क्वचितच जाणाऱ्या घरांत हा धोका मोठा असतो.

चार तासांचा खर्च, रात्रभराची भरपाई

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, घरात ७५ वॅटचे दोन पंखे, १० वॅटचे चार एलईडी दिवे, ७० वॅटचा टीव्ही आणि १० वॅटचा राउटर चालू आहे. एकूण भार झाला २७० वॅट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे ३१८ वॅट, म्हणजे जवळपास २७ अँपिअर प्रवाह निघतो. चार तासांत १०८ अँपिअर-तास खर्ची पडतात.

बॅटरीवर १५० हा आकडा छापलेला असताना ४२ अँपिअर-तास शिल्लक असायला हवेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा आकडा बहुधा २० तासांच्या संथ वापराचा, म्हणजे साडेसात अँपिअर प्रवाहाचा असतो. प्रवाह वाढला की बॅटरी छापील क्षमतेइतकी वीज देत नाही. त्यामुळे चार तासांनंतर ही बॅटरी जवळपास रिकामीच झालेली असते.

आता भरण्याचा हिशेब. दिलेला प्रवाह पूर्णपणे साठत नाही, म्हणून १०८ च्या बदल्यात १२० हून अधिक अँपिअर-तास परत द्यावे लागतात. १५ अँपिअरने हे काम आठ तासांत उरकेल असे कागदावर दिसते. शेवटच्या टप्प्यात प्रवाह कमी होत असल्याने प्रत्यक्षात १० ते १२ तास लागतात. चार तासांचा वापर भरून काढायला रात्र पुरते. तासाभरासाठी वीज येऊन गेली, तर बॅटरी भरली असे समजणे चुकीचे ठरते.

विजेच्या बिलाची बाजूही पाहण्यासारखी आहे. वरील उदाहरणात घराने जेमतेम १.१ युनिट वीज वापरली. ती परत साठविताना बॅटरीतील आणि चार्जरमधील घट धरून मीटरवर सुमारे दोन युनिट नोंदले जातात. इन्व्हर्टरवरची वीज अशी जवळपास दुप्पट महाग पडते. त्यावर इस्त्री किंवा मिक्सर चालविण्याचा मोह टाळावा, तो यासाठीही.

चाकांवरच्या घरातही तोच नियम

चार्जिंगच्या पद्धतीने किती फरक पडतो, हे कॅराव्हॅनमध्ये अधिक ठळकपणे दिसते. झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली ही वाहने परदेशात रुळलेली आहेत. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशा वाहनात दोन स्वतंत्र बॅटरी व्यवस्था असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी आतल्या ‘घरा’साठी. दिवे, पाण्याचा पंप, पंखा आणि छोटा फ्रीज घराच्या बॅटरीवर चालतात. मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून वीज जोडली की कन्व्हर्टर नावाचे यंत्र त्या विजेचे १२ व्होल्ट डीसीत रूपांतर करून ही बॅटरी भरते.

येथे अडचण वेळेची असते. मुक्काम एका रात्रीचा आणि भरायची बॅटरी रिकामी. जुन्या धाटणीचे कन्व्हर्टर एकाच, साधारण १३.६ व्होल्टच्या दाबावर चालत. हा दाब भरलेली बॅटरी सांभाळण्यासाठी योग्य असला, तरी रिकामी बॅटरी त्यावर पूर्ण भरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. शिवाय दिवे आणि पंप चालू असतील, तर कन्व्हर्टरचा काही प्रवाह तिकडे वळतो आणि बॅटरीच्या वाट्याला उरलेलाच येतो. तीन टप्प्यांत चालणारे नवे कन्व्हर्टर आधी दाब चढवितात आणि मग उतरवितात, त्यामुळे हेच काम एका रात्रीत बरेचसे उरकते. घरातील जुना, स्वस्त चार्जर आणि नवा ‘स्मार्ट’ चार्जर यांतील फरकही हाच आहे.

बटण छोटे, परिणाम मोठा

अनेक इन्व्हर्टरच्या मागील बाजूस बॅटरीचा प्रकार निवडण्याचे छोटे बटण असते. ट्युब्युलर, फ्लॅट प्लेट आणि देखभालमुक्त सीलबंद बॅटरी असे पर्याय त्यावर असतात. या प्रत्येक प्रकाराला सोसणारा दाब वेगळा असतो. सीलबंद बॅटरीला ट्युब्युलरचा जादा दाब मिळाला, तर आतील पाणी वायुरूपाने निघून जाते आणि ते पुन्हा भरण्याची सोय नसते. उलट ट्युब्युलर बॅटरीला कमी दाब मिळाला, तर ती कधीच पूर्ण भरत नाही. बॅटरी बदलताना हे बटण तपासले गेले का, हे ग्राहकाने स्वतः पाहणे हिताचे आहे.

क्षमतेची जोडही जुळावी लागते. अधिक बॅकअप मिळावा म्हणून १५० ऐवजी २२० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली आणि जुना इन्व्हर्टर १० अँपिअरच देत असेल, तर मोठी बॅटरी सतत अर्धपोटी राहते. काही यंत्रांवर चार्जिंगचा प्रवाह कमी-अधिक करण्याची सोय असते. ती नसेल, तर इन्व्हर्टरच्या क्षमतेप्रमाणेच बॅटरी निवडावी.

‘यूपीएस’ आणि ‘इन्व्हर्टर’ असे दोन पर्याय असलेले आणखी एक बटण गोंधळ वाढविते. यूपीएस पर्यायावर यंत्र साधारण १८० ते २६० व्होल्टमधील वीजच स्वीकारते. संगणकासाठी ते सोयीचे असते. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब त्याखाली गेला, तर मात्र वीज असूनही यंत्र ती नाकारते आणि बॅटरी उतरू लागते. वीज गेलीच नव्हती, तरी बॅटरी बसली, अशी तक्रार यातून उद्भवते.

उष्णता आणि ड्राय बाल्कनी

बॅटरी कोठे ठेवली आहे, याचाही चार्जिंगशी थेट संबंध आहे. तापमान वाढले की बॅटरीला कमी दाब पुरतो. दहा अंशांच्या वाढीला सुमारे पाव व्होल्ट कमी, असे हे प्रमाण पडते. तापमान मोजून दाब कमी करण्याची सोय नसलेला चार्जर एप्रिल-मेच्या उकाड्यातही डिसेंबरइतकाच दाब देतो आणि बॅटरी जादा चार्ज होते. कायमचे तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या व्यवसायातील ढोबळ नियम आहे.

सदनिकांमध्ये जागेअभावी बॅटरी ड्राय बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये ठेवली जाते. बाल्कनीत दुपारचे ऊन थेट पडत असेल, तर तो निर्णय महाग पडतो. दुसरा धोका वायूचा आहे. चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, तर ठिणगीने पेट घेऊ शकते. मोकळ्या हवेत तो लगेच विरून जातो. बंद कपाटात, जिन्याखालच्या कोंदट जागेत तो साचू शकतो. बॅटरी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवून वर समई लावणे किंवा गॅस गिझरशेजारी ती ठेवणे धोकादायक आहे.

लिथियमचा पर्याय

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या आता घरगुती वापरासाठीही मिळू लागल्या आहेत. त्यांत पाणी घालावे लागत नाही, त्या लवकर भरतात आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या, तरी त्यांना सल्फेशनचा त्रास होत नाही. किंमत अधिक असली, तरी त्या कितीतरी जास्त वेळा भरता-रिकाम्या करता येतात. मात्र त्यांच्या चार्जिंगचे नियम निराळे आहेत. शिसे-आम्ल बॅटरीसाठी बनविलेल्या जुन्या इन्व्हर्टरला ती थेट जोडण्याआधी उत्पादकाची संमती आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे.

जुन्या बॅटरीचे काय करायचे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. शिसे विषारी आहे आणि उघड्यावर वितळविले गेल्यास त्याची बाधा लहान मुलांना सर्वाधिक होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना विक्रेत्याकडे परत करावी. तिची किंमत बिलातून वजाही होते.

एवढे जरूर करा

- पाण्याची पातळी दीड-दोन महिन्यांनी तपासा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचे किंवा घरातील फिल्टरचे पाणी चालत नाही. आम्ल कधीही घालू नका.
- पाणी शक्यतो बॅटरी पूर्ण भरल्यावर घाला, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडतील एवढे आधी घालावे.
- वीज क्वचितच जात असेल, तर महिन्यातून एकदा इन्व्हर्टरवर तास-दोन तास घर चालवा आणि मग बॅटरी पूर्ण भरू द्या.
- गावी जाताना भरलेली बॅटरी ठेवा. उतरलेली बॅटरी तशीच सोडून मुख्य स्विच बंद करू नका.
- टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी पुसून पेट्रोलियम जेली लावा. त्याआधी इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा.
- बॅटरी हाताला गरम लागत असेल, वारंवार पाणी मागत असेल किंवा उग्र वास येत असेल, तर बॅटरी बदलण्यापूर्वी चार्जर तपासून घ्या.

यांतील शेवटची सूचना खिशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. दोष चार्जरमध्ये असताना बॅटरी बदलली, तर नव्या बॅटरीचीही तीच गत होते. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या टोकांवर साधा मल्टिमीटर लावून कारागिराला दाब मोजायला सांगितले, तरी निदान होऊ शकते. पूर्ण चार्ज झाल्यानंतर वीज चालू असताना तो १३.५ ते १३.८ व्होल्टच्या आसपास दिसला, तर चार्जर आपले काम नीट करीत आहे असे समजावे. तो तासन् तास १४.४ च्या वर अडकला असेल किंवा १३ च्या पुढे जातच नसेल, तर नव्या बॅटरीसाठी पैसे मोजण्यापूर्वी दुरुस्ती इन्व्हर्टरची करावी. मोजणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.